सतरा नंबरचा कॅन

मागच्या वर्षी एका रविवारी सकाळी माझी भाची घरी आली आणि पिशवीतून काचेच्या दोन बरण्या काढून तिनं जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. एकीत भाजलेलं जवस, ज्याला इकडे अलसी म्हणतात, आणि भोपळ्याच्या बिया, दुसरीत तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. अर्धा महिना ही बरणी, अर्धा महिना ती, रोज दोन चमचे.

"हार्मोन्स बिल्कुल सेट होतात म्हणे," ती म्हणाली. "मावशी, तू तर अलसीवरच पीएचडी केलीयेस ना? तूच सांग, करू सुरू?"

भाची अडतीस वर्षांची आहे. दिल्लीतच वाढली, आता गुडगावात माझ्यापासून दोन सेक्टर सोडून चोविसाव्या मजल्यावर राहते. मी विचारलं, हे सगळं कशासाठी?

"यार, पाळी आली की जातच नाही. पंधरा-पंधरा दिवस. तीन महिने झाले."

मी उठले, दोन्ही बरण्या उचलल्या आणि ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात उपड्या केल्या. भाची बघत राहिली. वय झालं की बायका अशा वागतात असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं, मीटिंग असली तरी यायचं. ती रागावून निघून गेली, पण दुसऱ्या दिवशी आली.

तिची आई, म्हणजे माझी ताई, हेच वाक्य माझ्याशी बोलली होती. तेव्हा मी उठले नव्हते.

नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. मी मुनिरक्यात एका खोलीत राहून दक्षिण दिल्लीतल्या एका संस्थेत जीवरसायनशास्त्रात पीएचडी करत होते. बाजार नुकता खुला झाला होता. आमच्या सरांच्या टेबलावर नाश्त्याच्या परदेशी सीरियलची खोकी आणि सोया दुधाचे डबे मांडलेले असत, आणि लोकांना दाखवून ते म्हणत, "अब हिंदुस्तान की औरत डिब्बे से खाएगी." परदेशातून नव्यानं आलेल्या एका कंपनीला जवसाचं पीठ पुडीत भरून विकायचं होतं. त्या पुडीला विज्ञानाचा शिक्का हवा होता, आणि तो शिक्का मारायचं काम माझ्या वाट्याला आलं होतं.

कल्पना सोपी होती. बाईच्या अंगात तयार होणारं इस्ट्रोजेन आपलं काम करून झालं की यकृतातून बाहेर टाकलं जातं, वापरलेलं पाणी मोरीतून जावं तसं. पण जाताना त्याचं रूप बदलतं, आणि ते दोन मुख्य तऱ्हांनी बदलू शकतं. एका तऱ्हेनं बदललं तर निरुपद्रवी होतं, दुसऱ्या तऱ्हेनं बदललं तर स्तन आणि गर्भाशय यांच्या पेशींना चेव आणत राहतं, असं तेव्हा आम्ही मानत होतो. कोबी, फ्लॉवर, मोहरी, सोयाबीन, जवस यांच्यातली काही द्रव्यं इस्ट्रोजेनला पहिल्या वाटेला लावतात, असाही अंदाज होता. जवसातलं द्रव्य तर आतड्यातले जिवाणू पचवतात आणि त्यापासून इस्ट्रोजेनचाच एक दुबळा तोतया तयार करतात. हे सगळं लघवीत मोजता येतं. म्हणून मला तीस बायका हव्या होत्या, त्यातल्या निम्म्या पुडी खाणाऱ्या आणि निम्म्या न खाणाऱ्या. आणि प्रत्येकीची, दर महिन्याला तीन दिवस, चोवीस तासांची सगळीच्या सगळी लघवी.

दिल्लीतली कुठली शहाणी बाई हे करील? सरांच्या ओळखीच्या बायकांनी नाकं मुरडली. वसतिगृहातल्या मुली पहिल्याच दिवशी अर्धी लघवी कॉलेजात करून आल्या. मी ताईकडे जाऊन रडले.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई सतत आजारी, त्यामुळे मला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत नेऊन बसवलं ते तिनंच. स्वतः सातवीपर्यंत शिकली. दाजी, म्हणजे तिचे यजमान, फौजेत सुभेदार होते आणि तेव्हा त्यांची बदली दिल्ली छावणीत होती. तिच्या क्वार्टर्सच्या ओळीतली सगळी बिऱ्हाडं सांगली, सातारा, सोलापूरकडची. ताई म्हणाली, "एवढंच ना? संक्रांत होऊ दे. हळदीकुंकू ठेवते आणि वाण म्हणून तुझे डबेच वाटते."

आणि खरंच वाटले. पाच-पाच लिटरचे पांढरे प्लास्टिकचे कॅन, वर लाल रंगानं नंबर, आत चिमूटभर व्हिटॅमिन सी. नाकात नथ, अंगावर इरकली लुगडी आणि सरोजिनी नगरच्या बाजारातून आणलेले स्वेटर अशा थाटात बायका आल्या, हळदीकुंकू घेतलं, तिळगूळ घेतला आणि कॅन घेऊन गेल्या. एकजण म्हणाली, "अगं बाई, आजवर वाण लुटलं, आता हे लुटायचं." हसून हसून पुरेवाट झाली. मी सगळ्यांच्या पाया पडले. ताईच्या वाट्याला सतरा नंबरचा कॅन आला. तिची शेजारीण सोळा नंबर.

चिठ्ठ्या टाकून गट पाडले, त्यात ताई पुडी न खाणाऱ्यांत गेली. तरी काम सगळ्यांत जास्त तिनंच केलं. सकाळी ओळीतले कॅन गोळा करून व्हरांड्यात मांडायची, कुणी टाळाटाळ केली तर तिच्या दारात जाऊन बसायची. प्रत्येकीला मी एक वही दिली होती. दिवसभर काय खाल्लं ते तीत लिहायचं. भाकरी दोन, वांग्याची भाजी, आमटी, भात, ताक. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं ताई लिहायची. तिचं अक्षर मोठं, टपोरं, सातवीतच थांबलेलं.

रविवारी मी तिच्याकडे जेवायला जाई. ताटाच्या उजवीकडे भाजी, डावीकडे मीठ, लिंबू आणि जवसाची चटणी. ती चटणी ताई दर पंधरवड्याला कुटायची, लसूण आणि लाल मिरची घालून, मोठा डबाभर, आणि ओळीतल्या सगळ्या घरी वाटायची. गावाकडून जवसाचं पोतंच यायचं. ती चटणी मी बोटानं चाटून पुसून खायची. खोलीवर न्यायला बरणी भरून घ्यायची.

हे सगळं मी आज लिहिते तेव्हा वाचणाऱ्याला ते लगेच दिसत असेल. मला दिसलं नाही. जीवरसायनशास्त्राची पदवी असलेली, जवसावर प्रबंध लिहिणारी मी, तीस बायकांच्या वह्या दर आठवड्याला तपासत होते आणि एकाही वहीत चटणी नव्हती. कारण ताटाच्या डावीकडचं काही आपण खाणं म्हणून धरतच नाही. जेवलीस का, काय जेवलीस, असं विचारलं तर कुठली मराठी बाई चटणी-मीठ सांगते? सर पंजाबी होते, त्यांना माहीत नसणं मी समजू शकते. मी तर त्याच ताटात जेवत होते.

उन्हाळ्यात, मे महिन्यात, ताई मला आत बोलावून म्हणाली, "काय गं, ही पाळी येते ती जातच नाही बघ. पंधरा-पंधरा दिवस. दोन महिने झाले. मिलिटरी हॉस्पिटलला दाखवू का?"

ती एक्केचाळीस वर्षांची होती. मला पहिला विचार तिचा आला नाही. पहिला विचार आला तो असा, की हॉस्पिटलात गेली की तिला हार्मोनच्या गोळ्या देतील. गोळ्या दिल्या की सतरा नंबर बाद. आणि ताई बाद झाली तर बाकीच्या बायकांना कोण धरून ठेवणार? नियम माझ्या वहीत पहिल्याच पानावर होता: अभ्यास संपेपर्यंत हार्मोनचं औषध नाही, अँटिबायोटिक नाही. लिहिताना मला तो नियम फार शास्त्रशुद्ध वाटला होता.

मी म्हटलं, "या वयात होतं असं, ताई. चाळिशीचं आहे ते. सप्टेंबरपर्यंत कळ काढ, मग दाखवू."

"सप्टेंबर?" तिनं बोटांवर महिने मोजले. "मग मला पण ती पुडी दे की. तूच म्हणतेस ना, बायकांना चांगली असते."

"नियमात बसत नाही."

"बरं," ती म्हणाली. "आपलं घरचं जवस आहेच. चटणी जरा जास्त खाते."

मी हसले. तिनं शब्दांत सांगितलं होतं, आणि मी तिला खुळी समजून हसले. तो हसण्याचा आवाज मला अजून आवडत नाही.

तिनं कळ काढली. आमच्या घरातल्या बायकांना तेवढं एकच नीट शिकवलेलं असतं. जून, जुलै, ऑगस्ट. ओठ पांढरे पडले, जिना चढताना मध्येच बसायची. दाजी मला म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच बघा काय ते." मी लोहाच्या गोळ्या आणून दिल्या, कारण त्या नियमात बसत होत्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या फेरीत मी कॅन न्यायला गेले तेव्हा व्हरांड्यात एकोणतीस कॅन होते. सतरावा ताईच्या मोरीत होता. तिनं तो तसाच मला दिला. आतलं सगळं लालसर होतं. ती ओशाळून म्हणाली, "खराब झालं गं तुझं."

मी संस्थेत गेले आणि रजिस्टरमध्ये सतरा नंबरच्या समोर लिहिलं: नमुना दूषित. मग दुसऱ्या दिवशी तिला हॉस्पिटलात नेलं.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर होता. इस्ट्रोजेनच्या चिथावणीनं जो वाढतो, तोच. गर्भाशय काढलं, पण तोवर तो बाहेर पसरला होता. फौजी डॉक्टरीणबाई दाजींना म्हणाल्या, "इतने महीने घर पे क्यों बिठाया?" दाजी मान खाली घालून उभे राहिले. शेजारी मीही उभी होते. मी म्हटलं नाही की यांनी नाही, मी बसवलं.

चार महिन्यांनी काय फरक पडला असता? मी कैक वेळा स्वतःला सांगितलंय की कदाचित पडला नसता, मे महिन्यातही तो पसरलेला असू शकेल. मी शास्त्र शिकलेली बाई आहे, असा युक्तिवाद मला उत्तम करता येतो. पण तो मी ज्याच्या बाजूनं करते, तो माणूस मीच असते.

त्या हिवाळ्यात लघवीचे निकाल हाती आले. दोन्ही गटांत काही फरक नव्हता. पुडी खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या, दोघींच्या लघवीत जवसाचा तो तोतया भरपूर. सर कागद उलटसुलट करत होते. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "इन औरतों ने कुछ और तो नहीं खाया?"

तेव्हा मला ताट दिसलं. डावीकडची लाल चटणी, आणि ती चाटणारं माझं बोट.

मी सरांना सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील, आठ महिन्यांचं काम कचऱ्यात टाका म्हणतील. मला तेच हवं होतं, खरं सांगायचं तर. कुणीतरी ओरडायला हवं होतं. सर हसले. म्हणाले, बिल्कुल परफेक्ट, आपण शीर्षक बदलू. न खाणाऱ्यांचा गट म्हणायचंच नाही, 'पारंपरिक आहार' म्हणायचं. भारतीय स्त्रीच्या स्वयंपाकघरात आधीपासूनच ज्ञान आहे, वगैरे. कंपनीलाही आवडेल. कंपनीला फारच आवडलं. ताईच्या चटणीचा प्रबंध झाला. त्यात ताई नव्हती. एका तळटीपेत लिहिलं होतं की एक सहभागी वैयक्तिक कारणामुळे वगळण्यात आली आहे. ते इंग्रजी वाक्य मी लिहिलं. एकदा टाइप केलं, एकदाही खोडलं नाही.

काळ्या रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरं. पहिली प्रत मी ताईला दाखवायला नेली. नेली म्हणजे तिनं मागवली. तोवर ती अंथरुणाला खिळली होती, केस गेले होते, डोक्याला दाजींची लोकरीची टोपी. पुस्तक तिनं दोन्ही हातांनी छातीवर धरलं, मग नाकाला लावून वास घेतला.

"यात मी कुठं आहे? दाखव."

मी तक्त्याचं पान काढलं. मला वाटलं होतं, एवढ्या आकड्यांत तिला काय कळणार. पण नंबर तिला येत होते. माझ्या कॅनवरचे नंबर तिनंच तर आठ महिने वाचले होते. तिनं बोट खाली खाली नेलं. चौदा, पंधरा, सोळा, अठरा. बोट परत वर आलं, परत खाली गेलं.

"सतरा कुठं गेला?"

"छपाईची चूक आहे ताई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. लहानपणी मी खोटं बोलले की ती असंच बघायची आणि काही म्हणायची नाही.

"मग दुरुस्त करून घे," ती म्हणाली. "आणि शेजारणीला सांग, तिचा सोळा बरोबर आलाय."

प्रत तिनं ठेवून घेतली. उन्हाळ्याच्या आधी ती गेली. भाची तेव्हा अकरा वर्षांची होती. दाजींनी मुलीची शाळा बदलायला नको म्हणून फौज सोडली, एका बँकेत पहारेकरी झाले आणि दिल्लीतच राहिले. त्यांनी ती प्रत मला परत दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून. म्हणाले, "तुमची मेहनत आहे, घरी राहून खराब होईल."

मी नोकरीला त्याच कंपनीत लागले. कुणी माझी कीव करू नये, मी आनंदानं लागले. गुडगावात तेव्हा सरसोची शेतं आणि अर्धवट उभ्या इमारती होत्या, आणि आम्ही त्यातल्याच एका काचेच्या इमारतीत बसून पुडीच्या मागचा मजकूर लिहीत होतो: निसर्गाची देणगी, स्त्रीसाठी खास. मी लिहिलेल्या मजकुराखाली माझी पदवी छापत. पुढे त्या दोन वाटांच्या कल्पनेचाही जोर ओसरला. शास्त्रज्ञ म्हणू लागले की प्रकरण इतकं सरळ नसावं, एकच वाट चांगली आणि दुसरी वाईट असं काही ठाम म्हणता येत नाही. म्हणजे ज्यासाठी ताईला थांबवलं, ते मोजण्यासारखं होतं की नाही हेही नक्की नाही. पुड्या मात्र खपत राहिल्या. जवस खाणं वाईट नाही, उलट चांगलंच. मी आजही खाते. पण ते खाणं आहे. रक्त वाहत असताना त्याला औषध म्हणणाऱ्या माणसाला मी घरात उभं करत नाही, आणि तरी त्या माणसाबरोबर मी रोज राहते.

भाचीचे रिपोर्ट चांगले आले. साधी गाठ होती, कॅन्सर नव्हता, काढून टाकली. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात ते बरं झालं. घरी परतल्यावर भाची माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "मावशी, सॉरी यार. पण त्या दिवशी तू एवढी का भडकलीस?" आणि मग, मी उत्तर द्यायच्या आत, "आई म्हणायची, तुझ्या पुस्तकात ती आहे. दाखव ना. मी कधी पाहिलंच नाही."

मी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्रत काढली. इतक्या वर्षांत मी ती उघडली नव्हती. माझ्याकडे दुसऱ्या प्रती होत्या, लागलं तर त्या बघायची. भाचीनं कागद सोडवला, पानं चाळली आणि तक्त्यावर थांबली.

"हे आईचं अक्षर आहे ना?"

सोळा आणि अठराच्या मधल्या अरुंद जागेत निळ्या बॉलपेननं १७ लिहिलेलं होतं. मोठं, टपोरं, वरच्या-खालच्या ओळींत घुसलेलं. दुरुस्ती तिनंच करून टाकली होती. पुढचे रकाने मोकळे होते, कारण पुढं काय लिहायचं ते तिला माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं.

"यापुढं काहीच का नाही?" भाचीनं विचारलं.

छपाईची चूक, हे शब्द तोंडात तयार होते. एकदा चालून गेले होते. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. कॅन, नियम, मे महिना, चटणी, मोरीतला लाल कॅन, रजिस्टरमध्ये लिहिलेले दोन शब्द. माझं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "किती महिने?"

"चार."

तिनं पुस्तक मिटलं, परत वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. दारात चपला घालताना म्हणाली, "बाबांना अजून वाटतं की त्यांनीच उशीर केला." दाजी आता ऐंशीचे आहेत.

त्यानंतर ती आलेली नाही. पुस्तक तिच्याकडेच आहे. दाजींना फोन करायला मी रोज फोन हातात घेते, आणि अजून केलेला नाही.